तिसऱ्या वर्षाला लिंगभाव व लैंगिक विविधता: दोन तासांत काय शिकवावं?

कृष्णाकाठ: नमस्कार. सांगलीत एमबीबीएसच्या मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचंय. व्याख्या पाठ होतात, पण ओपीडीत तृतीयपंथी किंवा जोगता रुग्ण समोर बसला की मुलं गप्प होतात. वेळ कशावर खर्च करावा? न्यायवैद्यकाच्या जुन्या पुस्तकांचं काय?

मिरज_मेडिसिन: व्याख्या पंधरा मिनिटांत उरका. जन्मवेळी नोंदलेलं लिंग, स्वतःची लिंगओळख, आकर्षण आणि इंटरसेक्स शरीररचना (जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात न बसणारी) या चार वेगळ्या गोष्टी. मुलं इंटरसेक्स आणि तृतीयपंथी हमखास एक धरतात. जोगता ही देवीशी जोडलेली ओळख, त्यावरून बाकीचं गृहीत धरू नये.

उरलेला वेळ हिस्टरीला, म्हणजे रुग्णाला विचारून माहिती घेण्याला द्या. तिघांचे गट करा: डॉक्टर, रुग्ण, निरीक्षक. आठ मिनिटं मुलाखत, चार मिनिटं चर्चा, मग भूमिका बदला. नातेवाईक बाहेर. पहिला प्रश्न, ‘तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?’ केसपेपरवरचं नाव वेगळं असेल तर ते मोठ्यानं पुकारायचं नाही. ‘लग्न झालंय का?’ एवढ्यावर लैंगिक हिस्टरी संपत नाही. कारण सांगून जोडीदारांबद्दल विचारावं. आणि खोकल्यासाठी आलेल्याला ‘ऑपरेशन झालंय का?’ विचारणं ही निव्वळ उत्सुकता, तपासणी नव्हे.

रुग्णाची भूमिका करणाऱ्याला जी कार्डं द्याल, त्यांवर खरे वैद्यकीय पेच ठेवा. एका पोटरीला सूज आलेली ट्रान्स स्त्री (जन्मवेळी पुरुष अशी नोंद झालेली): दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेते का, हे विचारलंच पाहिजे. त्यातल्या इथिनाइल इस्ट्राडिओल या संप्रेरकानं रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुसरं कार्ड: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणारा ट्रान्स पुरुष (जन्मवेळी स्त्री अशी नोंद झालेला). पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. गर्भाशयमुख असेल तर त्याची तपासणीही लागते, हिमॅटोक्रिटवरही (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) लक्ष हवं. ओळखीचा आदर ठेवून शरीरात कोणते अवयव आहेत ते विचारणं, हा या सत्राचा गाभा आहे.

न्यायवैद्यक_सातारा: जुनी पुस्तकं तशीच दाखवून त्यातला चुकीचा मजकूर मुलांना खोडायला लावा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2024 च्या ऑगस्टमधल्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त आले होते. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला. सुधारित मजकूर शिकवा, आणि संमतीनं प्रौढांमधले संबंध गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018 चा निर्णयही. लैंगिक कल किंवा लिंगओळख ‘बदलून देतो’ छापाचा उपचार हा व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं आयोगानं 2022 मध्ये सांगितलंय. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम 15 मध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरआढाव्याचा उल्लेख आहे. विभागप्रमुख ‘हे कशाला?’ म्हणाले तर तो दाखवा.

कृष्णाकाठ: समुदायातल्या कुणाला बोलावावं का?

मिरज_मेडिसिन: नक्की, सांगलीत संग्रामसारख्या संस्थेमार्फत विचारा. इतर पाहुण्या व्याख्यात्यांइतकंच मानधन द्या. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर घेऊन पाहुण्यांना दाखवा, नकोसे ते काढून टाकतील. शरीर दाखवण्याची मागणी कुणीही करायची नाही. शेवटी परीक्षेत ऑस्कीचं (टप्प्याटप्प्यानं घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेचं) एक स्टेशन ठेवा. गुण नसलेला विषय मुलं सोडून देतात.