एलएनजी गळाला तर गावाने काय करायचं? आधी सांगावं की सांगूच नये?

वेळणेश्वरचा वारा (धागाकर्ता)
परवा दाभोळच्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनलबद्दल व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला: ‘दाभोळची टाकी म्हणजे अणुबॉम्ब’. त्याखाली लगेच एका इंजिनिअरसाहेबांचं उत्तर: ‘एलएनजी जळतच नाही, पेटती काडी टाकली तर विझते.’ पहिली थाप आहे, दुसरं अर्धसत्य. म्हणजे जास्त वाईट.

काडी द्रवात विझते, मान्य. पण हा द्रव उणे 162 अंशांवर ठेवलेला असतो. बाहेर सांडला की उकळायला लागतो आणि त्याचा सुमारे 600 पट वायू होतो. हा वायू हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघत बसतो. एरवी हा वायू, म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका, पण इतका गार असताना जड असतो, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत, उताराने, गटारातून सरकतो. वासही नाही. घरच्या सिलिंडरला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो. एलएनजीत तो घालता येत नाही, गोठून बसतो.

दिसतो तो फक्त पांढरा ढग, तोही हवेतल्या बाष्पाचा. आपल्या दमट हवेत पेटणारा भाग बहुधा त्या ढगाच्या आतच असतो. कोरड्या हवेत मात्र तो ढगाच्या बाहेरही असू शकतो. एवढं जरी ग्रामसभेत सांगितलं तरी पुष्कळ. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत आसपासच्या लोकांना आधी माहिती द्यायची तरतूद आहे. ती कागदावरून वाडीत यावी, इतकंच म्हणणं आहे.

जुना फिटर
27 वर्षं प्लांटमध्ये काढली, म्हणून लिहितो. तुमची माहिती बरोबर, सल्ला चूक. ॲम्बियंट व्हेपोरायझर (बाहेरच्या हवेच्या उष्णतेवर द्रवाचा वायू करणारं यंत्र) चालू असला की त्याच्याखाली धुकं असतंच. पावसाळी सकाळी तर कमरेएवढं. तुम्ही ग्रामसभेत ‘पांढरा ढग म्हणजे मरण’ सांगणार आणि लोक रोज म्हशी सोडून पळणार. चौथ्या दिवशी कोणी ढुंकून बघणार नाही.

आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एलएनजी टाकीचं उदाहरण कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. 1944 साली तिथली टाकी फुटली, वायू गटारांत शिरला, 130 च्या आसपास माणसं गेली. त्या टाकीच्या पोलादात निकेल होतं 3.5 टक्के. आता आतल्या टाकीला, गारठ्यात ठिसूळ होऊ नये म्हणून, 9 टक्के घालतात आणि बाहेरून काँक्रीटची दुसरी टाकी. ऐंशी वर्षांपूर्वीचं भूत आज नाचवू नका.

खाडीपलीकडची
फिटरकाका, टाकी भक्कम असेल हो. आमच्या गावाजवळ एक कारखाना आहे (एलएनजीचा नाही). दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराला भोंगा वाजतो, मॉक ड्रिल म्हणून. एकदा पहाटे तीनला वाजला. सासूबाई उठल्या, म्हणाल्या ‘आज सोमवार आहे का गं?’ आणि परत झोपल्या. आम्हीसुद्धा. सकाळी कळलं, चुकून वाजला होता. खरा असता तर काय करायचं होतं, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. लोक घाबरतील म्हणून सांगत नाही म्हणता, पण आम्ही घाबरतसुद्धा नाही, ही पंचाईत आहे.

ह्यूस्टनकर
इथे आमच्याजवळच फ्रीपोर्टचा एलएनजी प्लांट आहे. 8 जून 2022 ला तिथे स्फोट झाला तो टाकीचा नव्हताच. 18 इंची पाइपच्या एका टप्प्यात द्रव अडकला होता. त्या पाइपचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीनंतर परत जोडताना त्याच्याकडे जाणारी वाट बंद करणारा ब्लॉक व्हॉल्व्ह बंदच राहिला. द्रव तापत गेला, दाब वाढत गेला, पाइप फाटला. माणूस एकही दगावला नाही, पण प्लांट आठ महिने ठप्प. तेव्हा पोलादाचं कौतुक पुरे. व्हॉल्व्ह उघडायचा राहिला, तो माणसाकडून.

जुना फिटर
@ह्यूस्टनकर, व्हॉल्व्हचं मान्य. परमिट (कामाचा परवाना) बंद करताना सगळ्यांनाच घाई असते, मीही केलीय. पण मग त्यात गावाचा काय संबंध? ते आमचं काम, आम्हाला धरा.

गावाची मला भीती वाटते ती वेगळीच. ट्रेनिंगला आम्हाला एका खड्ड्यात एलएनजी पेटवून दाखवला होता. एकाने हौसेने त्यावर पाण्याचा फवारा मारला. ज्वाळा अशी उसळली की तो होज टाकून मागे सरला. पाणी त्या द्रवाला चुलीसारखं उकळवतं. नंतर फोम टाकला तेव्हा आग हळूहळू बसत गेली आणि डीसीपीने (कोरड्या रासायनिक पावडरने) विझली. पाण्याचा पडदा ढग अडवायला चालतो, खड्ड्यात ओतायला नाही. आणि आपल्याकडे आग दिसली की आधी बादली.

वेळणेश्वरचा वारा
काका, मग हेच तर सांगायचंय ना गावाला! तुम्ही विरोधात लिहिताय की बाजूने?

लालपरीचा प्रवासी
टर्मिनलला निदान कुंपण आहे. नागपूरला 2021 पासून ट्रकसाठी एलएनजी पंप आहे, एसटीच्या गाड्यांचंही बोलणं झालं. म्हणजे टँकर रस्त्यावर वाढणारच. स्पेनमध्ये तिविस्साला 2002 साली असा टँकर उलटला, पेटला, वीसेक मिनिटांनी फुटला. ड्रायव्हर गेला. कुंभार्ली घाटात असं झालं तर पहिला कोण पोचणार? सेफ्टी ऑफिसर नाही, वळणावरचा चहावाला.

जुना फिटर
तिविस्साच्या टँकरला उष्णता अडवणाऱ्या फोमचं वेष्टन होतं, ते आगीत टिकलं नाही. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेला टँकर जास्त वेळ देतो. पण चहावाल्याला हे बघून कळणार नाही, खरंय. त्याच्यासाठी दोन ओळी लिहा, मी तपासतो.

वेळणेश्वरचा वारा
‘पांढरा ढग दिसला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, उलट पळा. पाणी ओतू नका. मोबाइल, बिडी, चूल बंद.’

जुना फिटर
‘उलट’ नको. उलट दिशेलाच ढग असेल तर माणूस थेट त्यातच शिरेल. ‘आधी वाऱ्याच्या आडव्या दिशेने, बाजूला पळा’ लिहा. चूल विझवायला घरात परत जाऊ नका, हेही लिहा. आणि सगळ्यात वर: गाडी चालू करू नका. अल्जेरियात स्किक्दाच्या एलएनजी प्लांटमध्ये 2004 साली 27 माणसं गेली, तिथे गळलेला वायू बॉयलरनेच आत ओढला असं तपासात आलं. गाडीचं इंजिनही हवा ओढतं.

खाडीपलीकडची
आणि भोंगा? सोमवारचा कुठला आणि खरा कुठला, ते कोण लिहिणार?