मदत हवी आहे: टॉलेन्सला आरसा येत नाही, काळा गाळ पडतो

परीक्षानळी:
बीएस्सीच्या प्रॅक्टिकलचा अनोळखी द्रव. वास कडू बदामाचा, ज्योत काजळी धरणारी. २,४-डीएनपीला (अल्डिहाइड आणि कीटोन दोन्ही ओळखणारी चाचणी) लगेच नारिंगी साका. फेहलिंग (अल्डिहाइडला लाल साका देणारी चाचणी) निळंच राहिलं. टॉलेन्सला (अल्डिहाइड असेल तर नळीच्या काचेवर चांदीचा आरसा धरणारी चाचणी) आरशाऐवजी काळा गाळ. वर बायकार्बोनेटला बारीक बुडबुडे, म्हणजे आम्लाची खूण! अल्डिहाइड लिहू, कीटोन की आम्ल?

चंचुपात्र:
वासावरून बेन्झाल्डिहाइड दिसतंय. ते हवेत आपोआप ऑक्सिडाइज होऊन बेन्झोइक आम्ल बनतं; बुडबुडे त्याचेच. बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक आहेत का बघा. आम्ल काढून टाकायला १ मिली नमुना १०% सोडियम कार्बोनेटच्या ३ मिलीसोबत नीट हलवून स्थिर होऊ द्या. बेन्झाल्डिहाइडची घनता १.०४, त्या द्रावणाची १.१ च्या आसपास, म्हणून बेन्झाल्डिहाइडचं तेल वर येतं. ते ड्रॉपरने काढा आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच्यावरच करा.

फेहलिंग न येणं हा कीटोनचा पुरावा नाही. अ‍ॅरोमॅटिक (बेन्झीनचं कडं असलेले) अल्डिहाइड फेहलिंग देत नाहीत, टॉलेन्स देतात. व्हायव्हात हमखास विचारतात.

आता आरसा. नळी आधी गरम १०% सोडियम हायड्रॉक्साइडने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा. तेलकट काचेवर चांदी चिकटत नाही. ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट २ मिली, त्यात १०% सोडियम हायड्रॉक्साइडचा एकच थेंब. तपकिरी साक्यावर २% अमोनिया थेंबाथेंबाने. साका जेमतेम विरघळला की थांबा, किंचित उरला तरी चालेल. बहुतेक जण इथेच चुकतात: अमोनिया जास्त झाला की चाचणी मंदावते. नमुना २ थेंबच, ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ५ मिनिटं, नळी न हलवता. थेट बर्नरवर धरलीत तर काळंच होणार.

परीक्षानळी:
टॉलेन्समध्ये तेलाचा थेंब वेगळाच राहतो, मिसळतच नाही.

चंचुपात्र:
नमुन्याचे ते २ थेंब आधी अल्कोहोलच्या ५-६ थेंबांत विरघळवून घ्या. अ‍ॅसिटोन नको, तो स्वतःच डीएनपी देतो. नळ्या अ‍ॅसिटोनने विसळल्या असतील तर तुमचा नारिंगी साकाही पुन्हा तपासा.

गाळणकागद:
काळा गाळ म्हणजे निगेटिव्ह असं नाही हो. तीही चांदीच, फक्त बारीक कणांची. नमुन्याशिवाय एक कोरी नळी सोबत ठेवा. ती स्वच्छ राहिली आणि नमुन्याची काळी पडली तर चाचणी आलीच.

आणि उरलेलं टॉलेन्स बाटलीत ठेवू नका. त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होतं. काम झालं की लगेच विरल नायट्रिक आम्ल घालून आम्लधर्मी करा, मगच चांदीच्या वेस्ट बाटलीत ओता.