मेणाचा पाय आणि 'खरा' विश्वास

वसईची_सून
ती पोस्ट तीन ग्रुपवरून फिरून शेवटी नणंदेनेही पाठवली, म्हणून लिहितेय. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्यासाठी: कोणी एक भाऊ म्हणतात की सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीच्या रांगेत मेणाचे हात-पाय घेऊन उभे राहतात ते 'नावाचे ख्रिस्ती'. तान्हेपणीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ. आणि ज्याला आपल्या नव्या जन्माची, म्हणजे ख्रिस्ताला मनापासून स्वीकारलं त्या दिवसाची, तारीख सांगता येत नाही त्याचा विश्वास खरा नाही.

माझ्या सासूबाईंना पहिल्या जन्माचीच तारीख धड ठाऊक नव्हती. 'भातलावणी चालू होती,' एवढंच. नवऱ्याचा पाय ट्रकखाली आला तेव्हा त्यांनी मेणाचा पाय वाहिला. पाय वाचला, अंगठा गेला. पुढच्या वर्षी परत निघाल्या, पुन्हा मेणाचा पाय घेतला. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, 'मागायला गेले होते ना? मग सांगायला नको जायला?' रांगेत आमच्या पुढे कुंकू लावलेली एक कोळीण होती, तिच्या हातात मेणाचं घर. दोघी दोन तास भाड्याच्या खोल्यांबद्दल बोलत होत्या. तो अंगठा गेल्याबद्दल सासूबाईंनी मेरीमातेला कधी बोल लावला नाही. आता सांगा, हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

साक्ष_पिंपरी
ताई, पोस्ट माझी नाही, पण मुद्दा मला पटतो. आमच्याकडे चार पिढ्या ख्रिस्ती. भिंतीवर येशूची तसबीर, नाताळला करंज्या आणि पप्पा रोज रात्री पिऊन. तसबिरीखालीच आईला मारायचे. 2009 साली एका प्रार्थना सभेत गेले, रडले, आणि त्या दिवसापासून थेंब नाही. तारीख मला पाठ आहे, कारण त्या रात्री घरात पहिल्यांदा कोणी ओरडलं नाही. इफिसकरांस 2:8-9 वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. मेणाने तर नाहीच.

निर्मळचा_नातू
आणि याकोब 2:24 कोणी वाचायचं? अख्ख्या बायबलात 'केवळ विश्वासाने' हे शब्द एकदाच येतात, आणि तेही 'केवळ विश्वासाने नव्हे' असे. रोम 3:28 मध्ये तो 'केवळ' प्रोटेस्टंटांच्या लूथरसाहेबांनी जर्मन भाषांतरात पदरचा घातला. याकोबाचं पत्र अडचणीचं, म्हणून 1522 च्या प्रस्तावनेत त्याला पेंढ्याचं पत्र म्हणून मोकळे. त्याच अध्यायात 19 वं वचन आहे: देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथरतात. त्यांना तारीखही आठवत असेल.

साक्ष_पिंपरी
माझ्या वडिलांवरून भुतांवर आलात. छान.

निर्मळचा_नातू
वडिलांबद्दल बोललो नाही. तुमचे वडील सुटले याचा आनंदच आहे. पण आमच्या गल्लीतला एक जण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये जाऊन सुटला, तो आजही देव मानत नाही. मग?

नगरी_पाळकपुत्र
तुमचं कृपा-कर्म चालू द्या. कॅथलिक आणि लूथरन मंडळींनी 1999 साली आउग्सबुर्गला या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्यासुद्धा केल्या, आपल्याकडे अजून निरोप यायचाय. मला वेगळंच बोलायचंय. हे 'नवा जन्म'वाले आमच्या मंडळीत शिरले आणि पहिल्यांदा काय मारलं असेल, तर पेटी! 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक कपाटात गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणणारी पोरं आता 'हालेलूया' ओरडत उड्या मारतात, मागे ड्रम, पडद्यावर रोमन लिपीत मराठी. अरे, ज्या माणसाने तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणून सांगितलं, त्याचे अभंग तुम्हाला जुने वाटतात?

कीबोर्डवाला
काका, पेटी युरोपातून आली. ड्रमही तिकडूनच. फरक फक्त वयाचा.

नगरी_पाळकपुत्र
पेटी आली आणि बसली. मांडी घालून बसली. तुमचा ड्रम उभाच आहे.

कीबोर्डवाला
आणि आमच्यासारखी पोरं येतात ती या ड्रममुळेच. तुमच्या पेटीला चार आजोबा आणि पंखा एवढेच श्रोते होते. दोन वर्षं मोजलेत.

वसईची_सून
अहो, मुद्दा पेटीचा नाहीये.

नगरी_पाळकपुत्र
पेटीचाच आहे, ताई! आमची आजी निरक्षर. तिला वचनं येत नव्हती, पदं पाठ होती. दळताना म्हणायची. तिचा विश्वास त्या चालीत होता. ती चाल काढून घेतली की तिच्यासारख्या माणसाकडे उरतं काय? तुमची तारीख?

साक्ष_पिंपरी
काका, चाल म्हणजे ख्रिस्त नव्हे. हे मी म्हणत नाही, पंडिता रमाबाई म्हणतात. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतः लिहिलंय की सुरुवातीची साधारण 8 वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान बाई, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणारी, ती हे म्हणते. आपण कोण?

वसईची_सून
रमाबाई काढल्यात ते बरं झालं. शारदा सदन मुंबईत कधी उघडलं? मार्च 1889. म्हणजे तुमच्या हिशोबाने 'ख्रिस्त सापडण्या'आधी. केशवपन केलेल्या बालविधवांना घरात घेतलं, शिकवलं, पुणं-मुंबई अंगावर आली तरी मागे हटल्या नाहीत. हे सगळं बिनविश्वासाचं चाललं होतं? मग तसला बिनविश्वास मला पण द्या थोडा.

साक्ष_पिंपरी
त्यांचं त्या म्हणतायत. तुम्ही त्यांच्यापेक्षा त्यांना जास्त ओळखता का?

वसईची_सून
नाही. पण त्या स्वतःबद्दल म्हणाल्या. शेजारणीबद्दल नाही म्हणाल्या. तुमचे भाऊ शेजारणीची तारीख विचारतायत.

निर्मळचा_नातू
👏 लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. नवरा, म्हणजे तुमचे ते पदांवाले टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन मोकळा. यांचं सोवळं सुटायला पुढची कितीतरी वर्षं गेली. घोटाघोटाने, भांडत, रडत, हसत. कुठल्या तारखेला रेघ मारणार?

नगरी_पाळकपुत्र
खऱ्या विश्वासाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. माझा चुलता गेला, मे महिना. मयत ओसरीवर, बर्फाच्या लादीचं पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहतंय. मंडळीचा खजिनदार आला. मला वाटलं सांत्वनाला. त्याने पिशवीतून वही काढली. वर्गणी 14 महिन्यांची थकलेली. ती भरल्याशिवाय दफनभूमीची चिठ्ठी नाही. चुलतभावाने लग्नासाठी ठेवलेले पैसे आणून मोजले. खजिनदाराने अंगठ्याला थुंकी लावून पावती फाडली, मग त्याच हाताने डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थना सुंदर होती, खरं सांगतो. एक शब्द चुकला नाही. माझे वडील स्वतः पाळक. ते बाजूला उभे होते, गप्प. मला त्यांचा राग खजिनदारापेक्षा जास्त आला, अजून आहे.

कीबोर्डवाला
काका… ड्रमचं मागे घेतो.

नगरी_पाळकपुत्र
घेऊ नकोस. दया नकोय.

साक्ष_पिंपरी
काका, वाईट वाटलं. पण हेच तर आम्ही म्हणतोय ना! असल्या नावाच्या मंडळीतूनच लोक आमच्याकडे येतात.

निर्मळचा_नातू
आणि तुमच्याकडे दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, घेत नाहीत वाटतं? पगाराची स्लिप बघून?

साक्ष_पिंपरी
…घेतात. स्लिप बघत नाहीत. एवढं मान्य की मलाही ते आवडत नाही. समाधान?

निर्मळचा_नातू
अर्धं.

वसईची_सून
मला मार्क 9 मधला तो बाप आठवतो. पोराला फेफरं यायचं. येशूने विश्वासाचं विचारलं तर ओरडला, विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालव. एकाच वाक्यात दोन्ही. त्याला कोणी तारीख विचारली नाही, पोरगं बरं केलं. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं होतं. म्हणाल्या, 'बिचारा, तोही रांगेत होता.'

साक्ष_पिंपरी
हे मात्र मला माझ्या पप्पांना वाचून दाखवायचंय. तारखेचं माझं मत बदललेलं नाही.

नगरी_पाळकपुत्र
कोणाचंच बदलत नसतं इथे. असो. आमच्या मंडळीची पेटी कपाटातून मी घरी आणली आहे. भाता फाटलाय, दोन सूर अडकतात. नगरात (अहिल्यानगर म्हणा, नाहीतर वेगळा धागा सुरू व्हायचा) दुरुस्त करणारे म्हातारे गेले. कोणाला माहीत असेल तर सांगा.

साक्ष_पिंपरी
आमच्या फेलोशिपमधले एक काका भाते बदलून देतात. निरोपात नंबर पाठवतो. एसटीने आणाल तर पेटी गोणपाटात बांधून आणा, कोपरे जपा.

कीबोर्डवाला
मी गाडी घेऊन येतो, काका. ड्रम उतरवून ठेवतो.