समुपदेशकांना कायमचं घरून काम द्यावं का? माझं मत: भेटी सक्तीच्याच हव्यात

धंतोलीकर
नागपुरातल्या दिव्यांगांसाठीच्या एका पुनर्वसन संस्थेत मी सहा समुपदेशकांचं काम बघते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही फोनवर आलो, नंतर अर्धेच ऑफिसात परतले. आता भाड्याची जागा सोडून सगळ्यांनाच कायमचं घरून काम द्यायचा प्रस्ताव आहे. पैसे वाचतील, खरं आहे. तरी माझा ठाम विरोध आहे, आणि तो हजेरीसाठी नाही.

ऑफिसात मला फार विचारावं लागत नसे. केस आटोपून आलेली मुलगी माठापाशी किती वेळ उभी राहते, त्यावरून कळायचं की आज जड गेलं. आता रोज संध्याकाळी शीट येते: कॉल ११, पाठपुरावा ७, शेरा 'समाधानकारक'.

काटोलकडच्या एका गृहस्थांचा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवून चार महिने झालेले. आमचा समुपदेशक दर आठवड्याला फोन करायचा. "पाय वापरता ना?" "हौ सर." शीटवर खूण. मी घरी गेले तेव्हा तो पाय पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेला होता. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत पायाचा उरलेला भाग आटत जातो, सॉकेट (कृत्रिम पायाची तो भाग बसतो ती खोबण) सैल होतं, घासून जखम होते. बऱ्याचदा वरून जादा मोजे चढवले तरी निभतं, नाहीतर सॉकेट बदलून घ्यावं लागतं. पण आधी ती जखम कुणीतरी बघायला हवी ना! त्या मुलाने हो-नाहीचा प्रश्न विचारला, एवढीच त्याची चूक. माझी मोठी. मी शीट वाचत राहिले, तो क्लायंटशी बोलतो कसा हे कधी ऐकलंच नाही.

म्हणून म्हणते, तीन दिवस घरून खुशाल करा. पण महिन्यात दोन दिवस गावभेटी प्रत्येकाला सक्तीच्या, आणि त्यातल्या एका दिवशी मी सोबत.

सावली
ताई, अजिबात पटलं नाही. मी समुपदेशक आहे आणि मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो येतो, आणि विदर्भात तो किती घरांत आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास. त्या उन्हात बसने उमरेडला जाऊन आले की अंगातलं पाणी कमी होतं आणि हाडं दुखायला लागतात, की पुढचा आठवडा अंथरुणात. घरून काम मिळाल्यापासून उन्हाळ्यात माझी एकही रजा झाली नाही. तुमच्या सक्तीत मी कुठे बसते? वाजवी सोयीची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती क्लायंटला मिळावी म्हणून आपण मालकांशी भांडतो, आणि आपल्याच सहकाऱ्याच्या वेळी विसरतो.

शिवाय तुमचं उदाहरण फोनविरुद्ध नाही, चुकीच्या प्रश्नाविरुद्ध आहे. "उठल्यापासून काय काय केलं, कुठे कुठे गेलात?" असं विचारलं असतं तर फळीवरचा पाय फोनवरही कळला असता. माझ्या वरिष्ठ आठवड्यातून एक कॉल क्लायंटच्या परवानगीने ऐकतात, मग आम्ही अर्धा-पाऊण तास त्यावर बोलतो. ऑफिसात होते त्या तीन वर्षांत माझ्या शेजारी कुणी एकदाही बसलं नव्हतं.

मानकापूर
परवानगीचं एवढं सोपं नाही. जो माणूस दिव्यांग प्रमाणपत्राच्या कागदांसाठी आपल्यावर अवलंबून आहे, तो "दुसरं कुणी ऐकलं तर चालेल का" याला नाही म्हणेल? आणि बायकांच्या केसमध्ये फोन बहुतेक नवऱ्याचा असतो. उत्तरं त्याच्यादेखत येतात.

एक पालक
मी समुपदेशक नाही, बाप आहो. पोरगा २३ चा, स्किझोफ्रेनियाचा इलाज चालू आहे. घर दोन खोल्यांचं. मॅडमचा फोन आला का तो गच्चीवर जाते, तिथं शेजारचे कपडे वाळवत असते. मंग तो नुसता "हो, हो" म्हणते. घरात बोलला तर माय ऐकते, अन् त्याले मायबद्दलच बोलाचं असते. पहिले आम्ही दोघं सीताबर्डीहून पायी ऑफिसात जाओ. दार लावून तो तासभर बोले. मी बाहेर बाकड्यावर.
फोन नको असं नाही म्हनत. एका रात्री १४४१६ ले लावला होता, टेलिमानसले, मानसिक आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनले, तवा लय आधार झाला. पन रोजचं बोलनं गच्चीवर होत नाही.

धंतोलीकर
सावली, 'सक्ती' हा शब्द मी मागे घेते. तुम्ही माझ्याकडे असता तर एप्रिल ते जून तुमच्या गावभेटी मी केल्या असत्या, तुमच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवल्या असत्या. प्रश्न विचारण्याबद्दलही तुमचं बरोबर आहे, ते शिकवायचं काम माझं होतं. पण कॉल ऐकण्याबाबत मला मानकापूर यांचं पटतं. क्लायंटसमोर मी बसलेली असले तर त्याला मी दिसते, नको असेल तर तो मला बाहेर जा म्हणू शकतो. म्हणतातही.

जागा सोडायला मात्र माझा विरोधच. दादांचा मुलगा बोलणार कुठे? निदान दोन खोल्या ठेवा, असं मी मंगळवारच्या बैठकीत लिहून देणार आहे.

सावली
खोल्या ठेवा, त्याला माझी ना नाही. हिवाळ्यात भेटीही करेन. पण वर्षअखेरीस माझं काम भेटींच्या आकड्यावर मोजणार असाल, तर माझा विरोध कायम आहे.