उभं जंगल राखणाऱ्यांनाही द्या

एकाने विचारलंय की वाढदिवसाच्या खर्चाऐवजी वृक्षारोपण करणाऱ्या संस्थेला पैसे द्यायचेत, कुठली निवडावी? "रोपामागे अमुक रुपये" सांगणाऱ्यांना आधी विचारा, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला. शिवाय सगळीकडे झाडं लावायचीच नसतात. सोलापूरकडचं माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे, माळढोक आणि लांडगे तिथलेच. पण खड्डे खणल्याशिवाय फोटो कसा निघणार!

कोकणात गोष्टच वेगळी. तिथलं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं. पैशाची नड आली की मालक ठेकेदाराला तोड देतो, आणि जुना बेहडा जळाऊ लाकडाच्या भावात जातो. त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला स्वतःला आत लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो. अशी ढोली व्हायला झाड किती जुनं लागतं, विचार करा.

पुण्याची 'अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' संगमेश्वर तालुक्यात गावकऱ्यांशी जंगल न तोडण्याचे करार करते. हिरडा-बेहड्याची फळं 'फेअरवाइल्ड' (रानातला माल झाडाला न ओरबाडता गोळा केल्याचं) प्रमाणपत्राखाली विकली जातात, म्हणजे उभ्या झाडाचेच पैसे होतात. मला हे रोपांच्या आकड्यांपेक्षा जास्त पटतं.

लावायचीच हौस असेल तर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावणाऱ्यांना तेवढं टाळा. पुण्याच्या टेकड्यांवर तो बक्कळ आहे.