मदत हवी आहे: सौरपंप घेतला तर आमचा बोअर टिकेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही राहायला इंदूरला राजेंद्रनगरात, शेती देपालपूरकडे, साडेपाच एकर काळी जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि दीड एकर बटाटा. सगळी भिस्त एका बोअरवर. यंदा फेब्रुवारीत मोटर हवा ओढायला लागली आणि गव्हाचं शेवटचं पाणी राहूनच गेलं.

शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री असते. बाबा ६८ वर्षांचे. पौषातल्या थंडीत ते बॅटरी घेऊन दारं धरायला (पिकाला पाणी वळवायला) जातात, मला बघवत नाही. म्हणून पीएम-कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेतून ५ एचपीचा सौरपंप घ्यायचं घाटतंय. शेजारचे काका म्हणतात, लावून टाका, दिवसभर फुकट पाणी! मला धास्ती त्या फुकटाचीच आहे.

हिशोब मांडला. एका एकराला एकदा ६ सेंटीमीटर पाणी द्यायचं तर सुमारे २.४ लाख लिटर लागतं. ते १०० मीटरवरून उपसायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर साधारण १६५ युनिट वीज. आज लाइट गेली की उपसा आपोआप थांबतो. उद्या ऊन असेपर्यंत थांबवणारं कुणी नाही, आणि जमिनीखालचं पाणी काही वाढणार नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, विकायला सुरुवात केली. म्हणजे न उपसलेल्या पाण्याचेही पैसे! मला हे मनापासून पटतं. बडोदा-आणंदकडच्या कुणी ते जवळून पाहिलंय का? कुसुममध्ये ग्रिडला जोडलेल्या पंपांची सोय आहे, पण आमच्या भागात कुणाला प्रत्यक्ष जोडणी मिळाली आहे का?

देवासकडे २००६ पासून शेततळी झाली. तळ्यातून १० मीटर उचललं तर वीज दहावा हिस्सा. पण त्यात अर्धा एकर जाईल, आणि बाबा गव्हाची जमीन सोडायला तयार नाहीत. वर्षाचं घरचं धान्य तेच, त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. मग हर्षितासारखा एक-दोन पाण्यांवर येणारा गहू कुणी केलाय का? उतारा किती पडला, पोळी कशी होते?

अर्ज याच महिन्यात भरायचाय. आकडे लागले तर विचारा, दहा वर्षांच्या पाण्याच्या पाळ्या बाबांच्या वहीत तारखेसकट आहेत.