शब्दचर्चा : चित्रपट ‘कल्ट’ होतो, ‘अभिजात’ ठरतो

‘कल्ट’ (मोजक्या चाहत्यांनी वेडाने जपलेल्या) आणि ‘क्लासिक’ चित्रपटांना मराठीत काय म्हणावे, आणि हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का, असे दोन प्रश्न चर्चेत एकत्र आले आहेत. दुसऱ्याचे उत्तर माझ्या मते सरळ ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण आपण या शब्दांना जी क्रियापदे जोडतो त्यांतच सापडते. चित्रपट कल्ट ‘होतो’ आणि क्लासिक, म्हणजे आपला अभिजात, ‘ठरतो’. ‘कल्ट ठरला’ हे व्याकरणाने चुकीचे नाही, पण कानाला खटकते; कारण ठरण्यासाठी कोणीतरी निवाडा द्यावा लागतो, आणि कल्टच्या बाबतीत निवाडा देण्याइतके भान कोणाला उरलेले नसते.

ठरणे म्हणजे काय, ते ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या कौलात चांगले दिसते. १९५२पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांची मते मागवते. ‘सिटिझन केन’ (१९४१) हा चित्रपट १९६२ ते २००२ या सलग पाच कौलांत पहिला होता. २०१२मध्ये ती जागा ‘व्हर्टिगो’ने (१९५८) घेतली आणि २०२२मध्ये शांताल अकरमन यांच्या ‘जान दिएलमन’ने (१९७५). ‘व्हर्टिगो’ पहिल्यांदा पाहताना मला चक्क कंटाळा आला होता, तरी तो अभिजात आहे हे मान्य करायला मला जड जात नाही. कल्टचे तसे नाही. ज्याला वेड लागलेले नाही, अशा माणसाने एखादा चित्रपट कल्ट असल्याचे सांगितले, तर तो केवळ इतरांविषयीची बातमी देत असतो.

व्युत्पत्तीही हेच सुचवते. ‘क्लासिक’च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द वरच्या वर्गातील नागरिकासाठी होता, आणि दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने तो लेखकांना लावला. आपला ‘अभिजात’ म्हणजे कुलीन. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त पार्वतीला ‘अभिजातवाक्’ म्हटले आहे. फरक एवढाच, की माणूस जन्मानेच कुलीन मानला जाई आणि चित्रपटाला मात्र कुळ बऱ्याच वर्षांनी मिळते. ‘कल्ट’ ज्या धातूवरून आला, त्याचे अर्थ जमीन कसणे, निगा राखणे आणि पूजणे असे आहेत. कुळ नसले तरी पुजारी हवेतच, असा हा शब्द आहे.

‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, आणि प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, पडद्याला उलट उत्तरे देऊ लागले, लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उधळू लागले. माझ्या मते त्याची गाणी अव्वल आहेत आणि उत्तरार्ध ढिला आहे; पण तांदूळ घेऊन आलेल्या माणसाला उत्तरार्धाचे काय सांगायचे?

आता प्रतिशब्दाकडे वळू. ‘कल्ट’साठी आलेल्या ‘पंथचित्रपट’ या सूचनेत अर्थ बरोबर उतरतो, परंतु हा चित्रपट एखाद्या पंथाविषयीच आहे असा समज होतो. ‘संप्रदायी’चीही तीच अडचण आहे. मला वाटते की मराठीने ही सोय आधीच करून ठेवली आहे, फक्त नामाऐवजी क्रियेत. आवडत्या चित्रपटाची आपण ‘पारायणे करतो’, त्याच्या ‘भजनी लागतो’. पारायणाचा मूळ अर्थ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत न गाळता वाचणे, त्यामुळे मोबाइलवर तेवढे निवडक प्रसंग पाहणाऱ्यांना पारायणी म्हणता येणार नाही, हे जाता जाता नोंदवतो. ‘पारायणी चित्रपट’ असा शब्द घडवण्याचा मोह मलाही झाला, पण पारायण एकट्यानेही करता येते आणि कल्टला मंडळी लागतात.

‘जाने भी दो यारों’ (१९८३) मी पाचव्या की सहाव्यांदा पाहिला तो दहा-बारा जणांबरोबर. शेवटच्या महाभारताच्या नाट्यप्रयोगात डिमेलो या पात्राचे प्रेत द्रौपदीच्या वेषात उभे होते, आणि प्रत्येक संवाद पडद्यावर येण्याच्या अर्धा क्षण आधी खोलीत उच्चारला जात होता. पहिल्यांदाच पाहणारा एक जण बिचारा, ‘अरे, ऐकू तर द्या!’ असे विनवत होता. त्याचे कोणीही ऐकले नाही. तो बाहेरचा होता, आणि पंथ म्हटला की बाहेरचा कोणीतरी लागतोच. म्हणूनच ‘शोले’ला (१९७५) कल्ट म्हणणे मला पटत नाही, त्याचे संवाद एवढ्या लोकांना पाठ आहेत की बाहेर कोणी उरतच नाही.

अर्थात कल्ट झालेला चित्रपट पुढे अभिजातही ठरू शकतो. ‘ब्लेड रनर’ (१९८२) पहिल्या प्रदर्शनात फारसा चालला नाही, मग काही वेड्यांनी तो जपला, १९९२मध्ये पडद्यामागून ऐकू येणारे निवेदन काढून टाकलेली आवृत्ती आली, आणि आज तो अभ्यासक्रमात असतो. निवेदनाविना तो कितीतरी सरस आहे. अशा चित्रपटासाठी ‘कल्ट क्लासिक’ हा जोडशब्द योग्य आहे, पण हल्ली तो प्रदर्शनापूर्वीच्या जाहिरातीतही दिसतो, आणि तेथे तो निव्वळ थाप असतो.

तेव्हा माझी सूचना अशी : ‘क्लासिक’साठी ‘अभिजात’ आहेच, मात्र केवळ जुन्या किंवा कृष्णधवल चित्रपटाला तो लावू नये, त्यासाठी ‘जुना’ हा शब्द पुरेसा आहे. ‘कल्ट’ मात्र ‘हिट’ आणि ‘फ्लॉप’ यांच्या शेजारी तसाच राहू द्यावा. तेही विकारी (लिंग-वचनानुसार रूप बदलणारे) नाहीत आणि त्यांच्यावाचूनही आपले पान हलत नाही.